फौजी तातांचा सत्कार करायचाय, पण शाल-श्रीफळ नको. काय करावं?

साखरपेठ | १८ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या गल्लीत एक आजोबा आहेत. वय सत्त्याहत्तर. तेलुगू घरं त्यांना ताता म्हणतात, कानडी घरं अज्जा, मोमीन मंडळी चचा आणि आम्ही फौजी आजोबा. शेवटी सगळ्यांच्या तोंडात ‘फौजी ताता’ बसलं. नाव इथं देत नाही, त्यांनी बजावून सांगितलंय.

१९६६ ला भरती झाले. आर्मी मेडिकल कोर, नर्सिंग असिस्टंट. लखनौला ट्रेनिंग. १९७१ ला पूर्व आघाडीवर होते. वीस वर्षांनी पेन्शन घेऊन सोलापूरला आले, एका गिरणीच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून लागले. पुढं गिरणी बंद पडली. तेव्हापासून रोज सकाळी सहा ते साडेआठ घरापुढच्या ओट्यावर काळी ट्रंक उघडून बसतात. कारखान्यात कुणाचं बोट गिअरमध्ये गेलं, कुणाला मागावरचा धोटा लागला, कुणाच्या पायाला शुगरची जखम झाली, विड्या वळून कुणाची बोटं फाटली, सगळे तिथं. साफ करून पट्टी. पैसे नाहीत. ट्रंकेशेजारी एक डबा असतो, ज्याला जमेल त्यानं कापूस नाहीतर गॉजचा रोल आणून टाकायचा.

इंजेक्शन देत नाहीत, गोळी देत नाहीत, टाके घालत नाहीत. “माझा अधिकार पट्टीपर्यंत,” हे त्यांचं वाक्य. जखम खोल दिसली की चिठ्ठी लिहून सिव्हिलला धाडतात, आणि दुसऱ्या दिवशी गेला होतास का म्हणून घरी येऊन विचारतात. पट्टीपेक्षा ह्याचीच भीती जास्त.

आता गल्लीतल्या मंडळाच्या डोक्यात आलंय की १६ डिसेंबरला, विजय दिवसाला, तातांचा सत्कार करू. मंडप, फ्लेक्स, पाहुणे, शाल, श्रीफळ, मानपत्र. वर्गणी चौदा हजार जमली आहे. मी ताताना विचारायला गेलो. ते म्हणाले, “फ्लेक्सवर दोनच जातीचे लोक असतात. वाढदिवसवाले आणि भावपूर्ण श्रद्धांजलीवाले. मी सध्या दोन्हीत नाही.”

तर काय करावं? काहीच करू नये असं होणार नाही, मंडळ ऐकणार नाही. पण त्यांना बरं वाटेल असं काय करता येईल?

कडकभाकरी | १८ नोव्हेंबर, रात्री ११:०५

फ्लेक्सवालं वाक्य लई भारी बे. तेच छापा फ्लेक्सवर.

भुईकोट | १९ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

७ डिसेंबर धरा की. सशस्त्र सेना ध्वज दिन, १९४९ पासून पाळतात. त्या दिवशी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून निधी संकलन असतं. तातांच्या नावानं ध्वजनिधीला रक्कम द्या, पावती त्यांच्या हातात ठेवा. काम सरळ, भाषण नाही.

शंकासुर | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:१२

एक विचारू का? राग मानू नका. मंडळाच्या पत्रिकेत ‘युद्धवीर’ असं छापणार असाल तर शौर्यपदक आहे का ते आधी बघा. मेडिकलमध्ये होते म्हणजे लढले नव्हते. समाजसेवक म्हणा, चालेल. शब्दाला काही किंमत असते की नाही? आजकाल सैन्यात कारकून असलेलाही गावात वीर जवान होतो.

ताणाबाणा | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

शंकासुरभाऊ, भैय्या चौकाकडं जाऊन या एकदा. डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे तिथं. १९३८ ला काँग्रेसनं पाच डॉक्टर युद्धात सापडलेल्या चीनला पाठवले, त्यात आपला सोलापूरचा गडी होता. १९४२ ला तिकडंच गेले, बत्तीस वर्षांचे होते. त्यांनी किती गोळ्या झाडल्या ते विचारून या आणि इथं लिहा.

शंकासुर | १९ नोव्हेंबर, सकाळी ९:५५

कोटणीसांना कुणी युद्धवीर म्हणत नाही. डॉक्टर म्हणतात. माझाच मुद्दा तुम्ही सांगितलात.

माजी_हवालदार | १९ नोव्हेंबर, दुपारी १:२०

मी इन्फंट्रीतला. पंचवीस वर्षं काढली. दोन गोष्टी सांगतो.

लढाईत जखमी माणूस आधी पलटणीच्या आरएपीत जातो, म्हणजे रेजिमेंटल एड पोस्ट. तिथून एडीएस, म्हणजे अॅडव्हान्स ड्रेसिंग स्टेशन. मग मागं, मोठ्या इस्पितळाकडं. आरएपी आणि एडीएस म्हणजे पांढऱ्या भिंतींचा दवाखाना नव्हे. तंबू, नाहीतर शाळेची खोली, नाहीतर झाडाखाली स्ट्रेचर, आणि तोफेच्या माऱ्यात. आमच्यात म्हणायचे, फायर चालू असताना पुढं धावणं सोपं, कारण रायफल हातात असते. रिकाम्या हातानं पुढं जाऊन दुसऱ्याला उचलून आणायचं म्हणजे वेगळंच काळीज लागतं. पूर्वेकडं तर नद्या आणि चिखल. मेजर इयान कार्डोझोंचं माहीत असेल. सिल्हेटला सुरुंगावर पाय गेला, स्वतःच खुकरीनं कापला, आणि पुढची शस्त्रक्रिया केली ती कैदेतल्या पाकिस्तानी सर्जननं. औषधपाणी करणाऱ्याची बाजू कोणती, ते त्या वेळी जखमी विचारत नाही.

दुसरं मेडल्सचं. तातांकडं १९७१ चं ‘पूर्वी स्टार’ असणार, पूर्व आघाडीवर हजर असलेल्यांना मिळालं ते. संग्राम मेडल असणार. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं असणार. ही शौर्याची नव्हेत, हजेरीची आहेत, पण त्या हजेरीला दुकान उघडायच्या हजेरीत मोजू नका. साध्या कपड्यांवरही लावता येतात, डाव्या छातीवर. घरच्यांनी लावायची वेळ आली तर उजव्या. मेडलवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं, म्हणून बाजारातून कोरं आणून लावू नका. हरवली असतील तर रेकॉर्ड ऑफिसला अर्ज, त्यांचं लखनौला आहे.

साखरपेठ | १९ नोव्हेंबर, रात्री ९:३०

माजी_हवालदार साहेब, मनापासून आभार. मेडल्स आहेत. विडीच्या रिकाम्या डब्यात. काल मी विचारलं तर म्हणाले, “आहेत कुठंतरी,” आणि सूनबाईंनी लगेच फडताळातून डबा काढला. पूर्वी स्टारची रिबन उंदरानं अर्धी खाल्लीय.

शंकासुर, तुमचा प्रश्न मी तसाच त्यांना विचारला. हसले. म्हणाले, “बरोबर बोलतोय तो. मी एकही गोळी झाडली नाही. झाडायची वेळ आली असती तर लागली नसती कुणाला.”

मग एक गोष्ट सांगितली, ती मी ह्याआधी ऐकली नव्हती. एडीएसमध्ये आपले जखमी यायचे तसे त्यांचे कैदीही यायचे. एकाच रांगेत, ज्याचं जास्त त्याचं आधी. एक पंजाबी शिपाई होता, मांडीत छर्रे. भीतीनं अंगाला हात लावू देईना. ताता त्याच्याशी हिंदीत बोलायला गेले, पण हिंदी कच्ची, म्हणून आपोआप आपली सोलापूरची दखनी सुरू झाली. “हिलनक्को रे, बैठ चुप, हौ?” तो माणूस दुखत असताना हसायला लागला. त्याला वाटलं हा चेष्टा करतोय. मग विचारलं, ही कुठली बोली? ताता म्हणाले, विजापूर वेशीतली. त्यानंतर जितके दिवस तो तिथं होता तितके दिवस ‘हौ’ आणि ‘नक्को’ करायचा.

एवढं सांगून ताता म्हणाले, झालं, जा आता, झोपायचंय.

विजापूरवेस | १९ नोव्हेंबर, रात्री ९:५०

हौ 😄

सोलापूरकर_पुण्यात | २० नोव्हेंबर, सकाळी ८:१०

मी लहानपणी त्या ओट्यावर बसलोय! १९९० च्या आसपास. विहिरीत उडी मारताना पाऊल फाटलं होतं. आईनं हळद भरून फडकं बांधून आणलं. तातांनी तिला असं झापलं की मी दुखणं विसरलो. हळद काढताना मात्र आठवलं.

माझा प्रस्ताव: सगळ्यांनी मिळून त्यांना चांगली आरामखुर्ची द्यावी. वर्गणीत माझे दोन हजार धरा.

सिस्टर१९ | २० नोव्हेंबर, दुपारी ३:४५

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे, अपघात विभागात. तातांच्या चिठ्ठ्या मी बघितल्यात. शाळेच्या वहीचं पान, वर तारीख, वेळ, कशानं लागलं, किती वेळापूर्वी, ओट्यावर काय केलं, आधी धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय. कित्येक खाजगी ठिकाणांहून येणाऱ्या कागदावर ह्यातलं निम्मंही नसतं. आमचे डॉक्टर नवीन इंटर्नना ती चिठ्ठी दाखवायचे.

पण मला दुसरंच विचारायचंय. साखरपेठ, तुम्ही सहज लिहून गेलात की सूनबाईंनी डबा काढला. तातांची नजर काही वर्षांपासून अधू आहे ना? मग आता पट्टी कोण बांधतं?

साखरपेठ | २० नोव्हेंबर, रात्री १०:१५

बरोबर पकडलंत. दोन-अडीच वर्षं झाली, पट्टी सूनबाई बांधतात. ताता शेजारी खुर्चीवर बसून सांगतात. “वास कसा आहे? कडा लाल आहे का? गरम लागतंय का?” त्या सांगतात, ते ठरवतात. सूनबाई विड्या वळतात. रोजच्या हजारभर विड्या वळणारा हात, गुंडाळी कुठं घट्ट आणि कुठं सैल ते त्याला शिकवावं लागलं नाही, असं ताताच म्हणाले. साडेआठला ट्रंक बंद झाली की त्या तंबाखूचं सूप घेऊन बसतात.

खरं सांगतो, मूळ धागा लिहिताना त्यांचं नाव माझ्या डोक्यातही आलं नाही.

सिस्टर१९ | २० नोव्हेंबर, रात्री १०:३०

वाटलंच. मग सत्कार दोघांचा. आणि त्यांना शाल देऊ नका, प्रमाणपत्र मिळेल असं काहीतरी द्या. सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण असतं. त्याची फी आणि त्या दिवसांची बुडालेली मजुरी वर्गणीतून भरा. उद्या कुणी कायद्यावर बोट ठेवलं तर हातात कागद हवा. तातांचं सगळं आयुष्य अधिकार कुठपर्यंत हे सांभाळण्यात गेलंय. ते सूनबाईंच्या बाबतीत उघडं राहू नये.

कडकभाकरी | २० नोव्हेंबर, रात्री १०:४२

ह्याला म्हणतात पॉइंट. मजुरीचं कुणाच्या लक्षातच येत नाही राव.

ताणाबाणा | २१ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मी आज सांगतोच. माझ्या डाव्या भुवईवर जी खूण आहे ती धोट्याची. ज्यांनी माग बघितला नाही त्यांच्यासाठी: धोटा म्हणजे होडीच्या आकाराचा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना लोखंड, आत कांडी. मिनिटाला शंभरच्या वर फेऱ्या मारतो. पिकर, म्हणजे धोट्याला ढकलणारा तुकडा, झिजला किंवा बॉक्स सैल झाला की मागातून बाहेर उडतो. समोर कोण उभा आहे ते तो बघत नाही. मी अकरा वर्षांचा, वडिलांना डबा द्यायला गेलो होतो.

कारखान्यात सगळ्यांनी डोळ्यावर पाणी मारा, डोळा चोळा, कांदा लावा असं सुरू केलं. तेवढ्यात कुणीतरी तातांना बोलावलं. त्यांनी पहिलं काम काय केलं, तर सगळ्यांचे हात माझ्यापासून दूर केले. चहाचा कागदी कप मागितला. तेव्हा आपल्याकडं काचेचे ग्लास, कप कुठला! शेवटी पुठ्ठ्याची कांड्यांची पेटी फाडून वाटी केली, डोळ्याला न टेकता वर ठेवली आणि पट्टीनं बांधली. दुसराही डोळा बांधला, कारण एक हलला की दुसरा हलतो. म्हणाले, “दाब पडला तर आतलं बाहेर येईल. सरळ सिव्हिल.” डोळा वाचला. सिव्हिलच्या डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं, चोळला असता तर गेला असता.

आज माझे बावीस माग आहेत. प्रत्येक शेडमध्ये एक वाटी टांगलेली आहे. कामगार विचारतात, सेठ, ही कशाला?

माजी_हवालदार | २१ नोव्हेंबर, सकाळी ८:००

हे वाचून एक आठवलं. आम्हाला शिकवलेलं, रक्त थांबवायला आवळपट्टी, म्हणजे टूर्निके, बांधली तर जखमीच्या कपाळावर ‘टी’ लिहायचं आणि वेळ लिहायची. मॉर्फिन दिलं तर ‘एम’. पुढच्याला कळावं म्हणून. कागद हरवतो, कपाळ हरवत नाही. तातांना विचारा, आठवत असेल.

साखरपेठ | २१ नोव्हेंबर, रात्री ९:४०

विचारलं. हे बघा काय निघालं.

गिरणी बंद झाल्यावर दोन-तीन वर्षांत, रात्रपाळीला एका कामगाराचा पंजा गिअरमध्ये गेला. रक्त थांबेना, दाबून धरूनही. ताताना आवळपट्टी बांधावी लागली. रिक्षात घालताना वेळ लिहायला पेन सापडेना. तिथं गणपतीच्या तसबिरीपाशी कुंकवाची डबी होती. पाण्यात बोट बुडवून कुंकवानं कपाळावर इंग्रजी ‘टी’ काढला आणि खाली दोन-दहा. सिव्हिलच्या दारात वॉर्डबॉय म्हणाला, ह्याला ओवाळून आणलंय का? डॉक्टर मात्र मिनिटभर थांबले आणि म्हणाले, कुणी लिहिलं हे? त्या माणसाचं करंगळीशेजारचं बोट गेलं, बाकी हात राहिला.

तुटलेलं बोट ताता घेऊन गेले होते. ओल्या स्वच्छ फडक्यात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फात. बोट थेट बर्फात टाकायचं नाही, जळतं. जोडता आलं नाही, पण मला म्हणाले, “पद्धत सोडायची नाही. जोडणारा पुढं बसलेला असतो, त्याच्या हातात आपण नीट दिलं पाहिजे.”

भुईकोट | २१ नोव्हेंबर, रात्री १०:०५

सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेतही बसायचे ना ते? मला आठवतंय, नंदीध्वज ६८ लिंगांना तैलाभिषेकाला निघतात त्या दिवशी, पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातल्या गर्दीत एक खाकी स्वेटर. अनवाणी चालणाऱ्यांचे पाय बघत. मी तेव्हा कुणीतरी शासकीय माणूस समजत होतो.

साखरपेठ | २१ नोव्हेंबर, रात्री १०:२०

तेच ते. स्वेटर अजून आहे. कोपरांना ठिगळं.

कडकभाकरी | २४ नोव्हेंबर, दुपारी १२:३०

धागा थंडावला की. काय ठरलं मग? डीजे लावणार नाही ना मंडळ?

साखरपेठ | २४ नोव्हेंबर, रात्री ८:५०

डीजे मोठ्या मुश्किलीनं कटवला. आता भेटवस्तूवर अडलंय. आरामखुर्ची त्यांनी नाकारली, “झोप लागेल,” म्हणाले. घड्याळ नको, मूर्ती नको.

एक जुना किस्सा सूनबाईंनी सांगितला. काही वर्षांपूर्वी एका संस्थेनं तातांना चांगली सुती शाल दिली होती. आठवड्यानं एका मुलीचा हात मोडला, झोळी बांधायला कापड नव्हतं. तातांनी शाल मोजली, कापली, आणि झोळी बांधली. उरलेल्या अर्ध्याची दुसरी झोळी घडी करून ट्रंकेत. देणाऱ्यांना कळलं तेव्हा थोडं वाईट वाटलं त्यांना.

ताणाबाणा | २४ नोव्हेंबर, रात्री ९:०५

थांबा थांबा. झोळीचं माप किती लागतं?

सिस्टर१९ | २४ नोव्हेंबर, रात्री ९:१५

चाळीस इंची चौकोन, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका कापला की दोन त्रिकोणी पट्ट्या. एक साधारण मोठ्या माणसाला पुरते. साधं सुती कापड, खळ काढलेलं, धुतलेलं. झोळीला, डोक्याला, गुडघ्याला, सगळ्याला चालते.

आणि ताणाबाणा, तुमच्या डोक्यात गॉज आलं असेल तर आताच सांगते, ते नको. उघड्या जखमेवर जाणारं कापड निर्जंतुकच लागतं, कारखान्यातनं थेट नाही.

ताणाबाणा | २४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

गॉज आलंच होतं डोक्यात. बरं झालं बोललात. मग मांजरपाट. माझ्याकडं टॉवेलचे माग, पण मेहुण्याकडं साधे माग आहेत. साठ चौकोन विणून, खळ काढून, धुवून देतो. कापले की एकशेवीस पट्ट्या. पैसे घेणार नाही, आधीच सांगतो. भुवईचं भाडं समजा.

विजापूरवेस | २४ नोव्हेंबर, रात्री ९:३३

भुवईचं भाडं 👏👏

सोलापूरकर_पुण्यात | २५ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

माझे खुर्चीचे दोन हजार सिस्टरनी सांगितलेल्या प्रशिक्षणाकडं वळवा.

शंकासुर | २५ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

झोळीची कल्पना चांगली आहे. पण पत्रिकेत काय छापताय ते अजून कुणी सांगितलं नाही.

साखरपेठ | २५ नोव्हेंबर, रात्री ९:००

पत्रिकाच नाही. फळ्यावर खडूनं लिहिणार: “१६ डिसेंबर, सकाळी सहा, तातांच्या ओट्यावर. ज्यांच्या पट्ट्या तातांनी बांधल्या त्यांनी यावं.”

माजी_हवालदार | १२ डिसेंबर, सायंकाळी ६:१५

साखरपेठ, पूर्वी स्टारची रिबन मिळाली, घेऊन येतोय. मेडल्स मी स्वतः पट्टीवर बसवून देईन. क्रम चुकवू नका बाबांनो.

साखरपेठ | १७ डिसेंबर, रात्री ९:४५

झालं काल. सविस्तर लिहितो, थोडं लांबेल.

पाच वाजताच गल्ली भरली. मला वाटलं होतं चाळीस-पन्नास येतील. अशोक चौकापर्यंत रांग गेली. कुंभारीच्या विडी घरकुल वसाहतीतून बायका आल्या होत्या, पहिल्या रिक्षेनं. मंडळाच्या अध्यक्षांनी माइक आणला होताच, पण सहाला ताता बाहेर आले ते खाकी स्वेटर घालून, आणि खुर्चीवर बसताच म्हणाले, “पहिला कोण?”

त्यांना वाटलं नेहमीसारखे पेशंट.

मी कानात सांगितलं, ताता, आज कुणाला लागलेलं नाही. तर म्हणाले, “मग आलेत कशाला?”

आता काय करायचं कुणाला सुचेना. माजी_हवालदार साहेब पुढं झाले, खाडकन सॅल्यूट मारला, मेडल्स डाव्या छातीवर लावली. तातांनी खुर्चीत बसल्या बसल्याच पाठ ताठ केली. नवीन रिबनवरून बोट फिरवलं, म्हणाले, “ही माझी नाही, माझी खाल्लेली होती.” साहेब म्हणाले, “मेडल तेच आहे ताता, नंबर बघा.” त्यांनी नंबरावरून नख फिरवलं आणि गप्प झाले.

मग ताणाबाणा पुढं गेला. ओळख सांगणार इतक्यात तातांनी त्याचा चेहरा धरला आणि अंगठा भुवईवर नेला. दिसत नाही हो त्यांना, चार हातांवरचा माणूस सावलीसारखा दिसतो. म्हणाले, “धोटा. डावा डोळा. तू रडला नव्हतास. बाप रडला होता.”

त्यानंतर जे सुरू झालं ते कुणी ठरवलेलं नव्हतं. रांगेतला प्रत्येक जण आपली खूण पुढं करायला लागला. मनगट, नडगी, टाच, हनुवटी. ताता अंगठ्यानं चाचपून सांगायचे. “हे रॉकेल. स्टोव्ह भडकला होता. वीस मिनिटं नळाखाली धरलं होतं ना? म्हणून एवढंच राहिलं.” “हा कुत्रा. इंजेक्शनं सगळी घेतलीस का शेवटी?” नाव एकाचंही सांगितलं नाही. तोंडावरून एकही ओळखला नसता. कुंकवाच्या ‘टी’वाला माणूसही आला होता, आता त्याची दाढी पांढरी. चार बोटांचा हात त्यानं पुढं केला. तातांनी तो बराच वेळ धरून ठेवला आणि विचारलं, “थंडीत ठणकतं का?” तो म्हणाला, ठणकतं. “ठणकणारच,” म्हणाले.

एक चूकही सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल चमत्कार. एका गृहस्थानं कोपर पुढं केलं. तातांनी दोनदा चाचपलं, तोंड वाकडं केलं. “हे माझं नाही. कुणीतरी घाण बांधलंय.” तो म्हणाला, ताता, तुम्हीच बांधलं होतं की. सगळे हसले. ताता म्हणाले, “मग दुसऱ्या दिवशी आला नसशील.” तो खरंच गेला नव्हता.

आठ वाजता मांजरपाटाचे गठ्ठे ठेवले. ताणाबाणानं नारळाऐवजी कात्री दिली, मोठी, शिंप्याची. तातांनी एक चौकोन उलगडला, हातानं माप घेतलं, म्हणाले, “खळ नीट निघालीय.” कात्री सूनबाईंच्या हातात दिली. त्यांनी घडी घालून तिरका छेद दिला, एका दमात, दोरा न सुटता. सिस्टर१९ आल्या होत्या, ड्यूटी संपवून थेट. प्रशिक्षणाचं त्यांनी सूनबाईंना बाजूला नेऊन सांगितलं, माइकवर नाही. सूनबाईंनी एवढंच विचारलं की ते मराठीत असतं का, वाचता येतं पण लिहायला वेळ लागतो. असतं, त्या म्हणाल्या.

अध्यक्षांचं भाषण राहिलंच. साडेआठला ट्रंक बंद झाली. नेहमीसारखी.

नंतर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. कडकभाकरी, तू आला नाहीस, तुझ्या नावाच्या दोन मी खाल्ल्या.

कडकभाकरी | १७ डिसेंबर, रात्री १०:०२

रात्रपाळी होती रे. वाचूनच पोट भरलं. खोटं, भरलं नाही.

भुईकोट | १७ डिसेंबर, रात्री १०:१०

मंडळाचे चौदा हजार?

साखरपेठ | १७ डिसेंबर, रात्री १०:१८

प्रशिक्षण आणि मजुरीचं बाजूला काढलं. ध्वजनिधीला पाच हजार, तुमचीच सूचना, पावती ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवली. उरलेल्यात निर्जंतुक गॉज आणि सलाइनच्या बाटल्या. हिशोब फळ्यावर लावलाय.

शंकासुर | १८ डिसेंबर, सकाळी ६:४०

‘युद्धवीर’ शब्दाबद्दलचं माझं मत कायम आहे.

ओटा रोज असतो का? आईला शुगर आहे, टाचेला काहीतरी झालंय, ती दाखवत नाही.

साखरपेठ | १८ डिसेंबर, सकाळी ६:४४

सोमवार सोडून रोज. साडेआठच्या आत आणा. हळद लावलेली असेल तर आधीच सांगा, म्हणजे बोलणी तुम्ही खाल, आई नको.